चकरा कोण मोजतो?



आपल्या वस्त्यांतील कितीतरी मुले गॅरेजमध्ये पाना धरून मोठी झाली. कुणी चिकलठाण्याला, कुणी वाळूजला गाड्यांचे सुटे भाग तयार करतो, कुणी रिक्षा चालवून घर चालवतो. म्हणून या वेळी एका मेकॅनिकची हकीकत सांगायची आहे. तो अमेरिकेतला, वर्णाने काळा. त्याने टॅक्सी चालवली, गॅरेज चालवले आणि गोऱ्यांच्या मोटार शर्यतीत स्वतः बांधलेली गाडी घेऊन उतरला. त्याचे नाव वेंडेल स्कॉट.

आधी ही शर्यत कशी असते ते पाहू. अमेरिकेत तिला 'स्टॉक कार' शर्यत म्हणतात. गाडी वरून दिसायला दुकानात विकत मिळते तशीच, आतले इंजिन आणि सांगाडा मात्र शर्यतीसाठी बांधलेला. रस्ता अंड्याच्या आकाराचा. गाड्या डावीकडे वळत वळत त्याच वाटेने शेकडो चकरा मारतात. कर्णपुऱ्याच्या यात्रेसारख्या मोठ्या जत्रेत आपण 'मौत का कुआँ' पाहतो. तिथे मोटारसायकल उभ्या भिंतीवर चढते, ती वेगाच्या जोरावर. इथेही वळणावरचा रस्ता तिरपा केलेला असतो. वेगातली गाडी बाहेर फेकली जाऊ पाहते, तिरपा रस्ता तिला आत रेटतो. अलाबामा राज्यातील टॅलाडेगा येथे १९६९ साली असा मैदानी रस्ता झाला. एक चक्कर सव्वाचार किलोमीटरहून अधिक, आणि वळणावरचा उतार ३३ अंशांचा!

६ मे १९७३ रोजी या टॅलाडेगावर मोठी शर्यत होती. ६० गाड्या सुटल्या. वेग ताशी ३०० किलोमीटरच्या घरात. त्यात ५१ वर्षांचा वेंडेल स्कॉटही होता. आयुष्यभर दुसऱ्यांनी वापरून टाकलेल्या गाड्या आणि जुने भाग यांवर त्याने शर्यती केल्या. या वेळी मात्र कर्ज काढून चांगली मर्क्युरी गाडी घेतली होती. शर्यत नुकती रंगात येत होती, तोच पुढच्या एका गाडीचे इंजिन फुटले. रस्त्यावर तेल, हवेत धूर. मागच्या गाड्या एकमेकींवर आदळत गेल्या. वीसच्या आसपास गाड्यांचा चुराडा झाला. त्यात स्कॉटची गाडीही गेली. त्याचे कमरेचे हाड आणि बरगड्या मोडल्या. शर्यत पुढे चालू राहिली आणि डेव्हिड पिअर्सन जिंकला. स्कॉटच्या वाट्याला खाट आणि डोक्यावरचे कर्ज आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात तो शार्लटला आणखी एकदा उतरला, बारावा आला, आणि तिथेच त्याची कारकीर्द संपल्यात जमा झाली.

कोण होता हा माणूस? जन्म २९ ऑगस्ट १९२१, व्हर्जिनिया राज्यातील डॅनव्हिल गावचा. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होता, तिथे वाहने दुरुस्त करण्याचे काम केले. १९५२ साली पहिल्यांदा शर्यतीत उतरला. शर्यती भरवणाऱ्या 'नासकार' या मोठ्या संस्थेच्या मैदानावर गेला, तर काळ्या माणसाला घेत नाही म्हणून परत पाठवले. तो दुसऱ्या लहान शर्यतींत भाग घेत राहिला, जिंकत राहिला. पुढे १९५३ साली रिचमंडच्या एका गोऱ्या अधिकाऱ्याने त्याला परवाना दिला. असा एखादा माणूसही भेटतो, हे नमूद केले पाहिजे. १९५९ साली स्कॉट व्हर्जिनिया राज्याचा विजेता ठरला आणि १९६१ पासून सर्वांत वरच्या वर्गात उतरू लागला. पैसेवाल्यांच्या पथकात पगारी मेकॅनिक असत. स्कॉटच्या पथकात त्याची मुलेच असत. चाके बदलणे, पेट्रोल भरणे, सारे घरच्या घरी. वरच्या वर्गात तो एकूण ४९५ शर्यती धावला. जिंकला एकच.

त्या एका विजयाचीच कथा ऐकण्यासारखी आहे. १ डिसेंबर १९६३. फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल. अर्ध्या मैलाचा मातीचा रस्ता, २०० चकरा. त्या काळी चकरा माणसेच मोजत आणि कागदावर मांडत. स्कॉट सर्वांच्या पुढे होता, तरी विजयाचा झेंडा त्याला दाखवला नाही. बक बेकर या गोऱ्या चालकाला विजयी घोषित केले. ट्रॉफी त्याला, टाळ्या त्याला, फोटोही त्याचेच. प्रेक्षक घरी गेल्यावर अधिकाऱ्यांनी कबूल केले, मोजणीत चूक झाली, जिंकला तो स्कॉट. स्कॉट बेकरच्या दोन चकरा पुढे होता! पैसे त्याला मिळाले. खरी ट्रॉफी कधीच मिळाली नाही. पुढे लाकडाची एक किरकोळ वस्तू हातावर ठेवली, एवढेच. विजेत्याला गोरी सुंदरी ट्रॉफी देते आणि त्याचे चुंबन घेते, ते काळ्या माणसाच्या बाबतीत हजारो गोऱ्यांसमोर घडू द्यायचे नव्हते, असे स्कॉटचे आणि त्याच्या घरच्यांचे म्हणणे होते.

आता सांगा, दोन चकरा पुढे असलेला माणूस मोजणाऱ्यांना दिसत नाही, ही नुसती आकड्याची चूक म्हणायची का?

वर्ण आणि जात या दोन गोष्टी एक नाहीत. स्कॉटला कातडीवरून ओळखत, आपल्याला आडनाव आणि वस्ती विचारून ओळखतात. पण दोन्हीकडची दुखणी एकमेकांना कळतात. बाबासाहेब १९१३ साली शिकायला न्यूयॉर्कला गेले. पुढे १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डु बॉईस यांना पत्र लिहून, तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी दलित पँथर स्थापन केली, तिचे नाव तिथल्या ब्लॅक पँथरवरून घेतले. पुढच्याच वर्षी तिकडे टॅलाडेगावर स्कॉटची गाडी मोडली.

उशिरा होणारी मोजणी मराठवाड्याच्या माणसाला समजावून सांगायला नको. १९५० साली बाबासाहेबांनी आपल्या शहरात महाविद्यालय उभे केले. त्यांचे नाव विद्यापीठाला द्यावे असा ठराव विधिमंडळाने १९७८ साली केला. त्यानंतर घरे जळाली, माणसे मेली, लाँग मार्च निघाले. विद्यापीठाच्या कमानीवर नाव लागले ते १४ जानेवारी १९९४ रोजी! ठराव आणि कमान यांत सोळा वर्षांचे अंतर.

स्कॉटच्या घराला त्याहून जास्त थांबावे लागले. १९७७ साली त्याच्या जीवनावर 'ग्रीस्ड लाइटनिंग' नावाचा चित्रपट निघाला. जगाने पडद्यावर स्कॉट पाहिला, पण ट्रॉफी नव्हती. २३ डिसेंबर १९९० रोजी तो वारला. त्याच्या मुलानातवंडांनी विषय सोडला नाही. २०१५ साली नासकारच्या मानाच्या दालनात त्याचे नाव आले. अखेर २८ ऑगस्ट २०२१ रोजी, म्हणजे त्याच्या शंभराव्या जन्मदिवसाच्या आदल्या दिवशी, त्या जुन्या विजयाची ट्रॉफी संस्थेने कुटुंबाच्या हाती दिली. ५७ वर्षे उलटून गेली होती. त्यानंतर सहाच आठवड्यांत, ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, बबा वॉलेस हा अलाबामात जन्मलेला कृष्णवर्णीय तरुण वरच्या वर्गातली शर्यत जिंकला. स्कॉटनंतरचा तो पहिलाच. आणि मैदान तेच, टॅलाडेगा! या वेळी झेंडाही त्यालाच आणि ट्रॉफीही त्याच दिवशी.

या हकीकतीतून आपल्या घरांनी काय घ्यावे? हाती कसब असणे ही पहिली गोष्ट, ती आपल्याकडे भरपूर आहे. पण आपल्या कामाची मोजणी दुसऱ्याच्या वहीवर सोडून चालत नाही. कंत्राटी कामावर जाणाऱ्याने हजेरी, ओव्हरटाइमचे तास, पगाराची पावती, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक हे सारे घरच्या वहीत उतरवावे. घरकाम करणाऱ्या मायबहिणींनी सुट्ट्या आणि उचल लिहून ठेवावी. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहून घ्यावे. तिचाही अभ्यास होतो. हक्क मागायला गेल्यावर तोंडी सांगणे उडवून लावतात, तारीखवार वही उडवता येत नाही. आणि मोजणी चुकली म्हणून एकट्याने भांडून दमू नये. स्कॉट गेला तरी त्याचे घर मागत राहिले, म्हणून ती ट्रॉफी आली. आपल्याकडे त्यासाठी युनियन आहे, विहार आहे, वस्तीतली शिकलेली पोरे आहेत.

येत्या रविवारी वंदनेनंतर ही हकीकत मुलांना वाचून दाखवा. गॅरेजमध्ये काम शिकणारा एखादा मुलगा असेल तर त्याला आवर्जून पुढे बसवा.

जयभीम!