एफ१-एफ३ आणि उरलेली माणसं

'माउंट अँड ब्लेड : वॉरबँड' खेळणाऱ्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, "लढाई कशी जिंकायची रे?" तो डोळे न उघडता सांगेल, "स्वाडियन नाइट जमव आणि एफ१-एफ३ दाब." ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी: एफ१ म्हणजे हुकुमांची यादी उघडणं आणि त्यातला एफ३ म्हणजे "घुसा!" दोन बटणं दाबली की सगळं सैन्य ओरडत शत्रूवर तुटून पडतं. भारी दिसतं, भारी वाटतं, आणि बऱ्याचदा लढाई जिंकलीही जाते. तरीही माझं स्पष्ट मत आहे की ही दोन बटणं म्हणजे या गेममधली सगळ्यात महागडी सवय आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. वॉरबँड आला २०१० साली. बनवला टेलवर्ल्ड्स या तुर्कस्तानातल्या अंकारा शहरातल्या स्टुडिओने. आर्माआन यावुझ आणि त्याची बायको इपेक, या दोघांनी सुरू केलेलं दुकान. याचा पुढचा भाग 'बॅनरलॉर्ड' २०२० मध्ये अर्धाकच्चा आणि २०२२ मध्ये पूर्ण होऊन आला, पण जुना वॉरबँड अजूनही लोकांच्या मशीनवरून हलत नाही. जादू नाही, ड्रॅगन नाहीत. कॅलरेडिया नावाचा मध्ययुगीन छापाचा मुलूख, त्यात सहा भांडकुदळ राज्यं, आणि सुरुवातीला तुम्ही एकटे. गावोगाव फिरून पोरं भरती करायची, त्यांना पगार द्यायचा, जेवायला घालायचं, लढाया करत करत शिकवायचं. लढाईत तुम्ही स्वतः घोड्यावर असता आणि सेनापतीही तुम्हीच असता. सगळी गंमत आणि सगळी गोची यातच आहे.

आता गोची सांगतो. लढाई संपली की नुकसानीची यादी येते. त्यात मेलेले वेगळे आणि जखमी वेगळे. जखमी थोड्या दिवसांत बरे होतात. मेलेला गेला तो गेला. स्वाडियन नाइट गावात आयता मिळत नाही. आधी नवखा रंगरूट, मग मिलिशिया, मग फूटमन, मग मॅन-ॲट-आर्म्स आणि मग नाइट. चार पायऱ्या! प्रत्येक पायरीला अनुभव लागतो, पैसे लागतात. एका बेफिकीर हल्ल्यात असे आठ-दहा नाइट गेले, तर "विजय" असं लिहून आलेलं असतं खरं, पण पुढच्या वळणावर दुसरा सरदार ताज्या दमाच्या शंभर माणसांनिशी उभाच असतो. शिर सलामत तो पगडी पचास, ही म्हण कॅलरेडियात शब्दशः लागू पडते.

म्हणून लुटीच्या आधी ती यादी वाचावी. लढाई कशी झाली ते तिथे कळतं.

मग माणसं राखायची कशी? पहिली गोष्ट जमीन. तुम्ही नकाशावर जिथे शत्रूला गाठता, साधारण तसंच मैदान लढाईला मिळतं: जंगलाजवळ गाठलं तर झाडी, डोंगराजवळ गाठलं तर चढउतार. घोडदळाला सपाट माळ हवा असतो. चढावर आणि पाण्यात घोडा मंदावतो, झाडीत अडखळतो. खेर्गिट हे गवताळ प्रदेशातले घोडेस्वार तिरंदाज. माळावर त्यांच्या मागे धावणं म्हणजे वाऱ्याची मोट बांधणं. तेच त्यांना डोंगराळ भागात गाठलंत, तर त्यांच्या घोड्यांचा निम्मा तोरा उतरतो.

दुसरी गोष्ट, थांबणं. एफ१ दाबून धरा, एक निशाण दिसेल. ते टेकडीवर रोवा. १ म्हणजे पायदळ, २ म्हणजे तिरंदाज, ३ म्हणजे घोडदळ. पायदळ चढावर पुढे, तिरंदाज त्यांच्या मागे थोडे उंचावर, घोडदळ एका बाजूला. आणि मग चक्क काही करू नका. बहुतेक वेळा शत्रू स्वतःच चढून येतो. येताना बाण खातो, धापा टाकत ढालींवर आदळतो. तो पुरता गुंतला की घोडदळ बगलेवरून सोडायचं. तेव्हा एफ३ दाबायला हरकत नाही. बटण तेच, पण पाच मिनिटं उशिरा दाबल्याने यादीतली मेलेल्यांची संख्या पार बदलते.

हे काही गेमवाल्यांच्या डोक्यातून निघालेलं नाही. १४ ऑक्टोबर १०६६, हेस्टिंग्ज. हॅरॉल्डचं इंग्लिश पायदळ टेकडीवर ढालींची भिंत करून उभं होतं. विल्यमचे नॉर्मन स्वार आणि तिरंदाज दिवसभर आदळत राहिले, भिंत काही लवकर फुटेना. मग नॉर्मन मागे फिरले. ती माघार खरी की नाटकी, यावर इतिहासकार अजून भांडतात. पण काही इंग्लिश सैनिकांना राहवलं नाही. ते पाठलाग करत टेकडी उतरले आणि खाली एकटे सापडून कापले गेले. भिंत विरळ होत गेली. संध्याकाळपर्यंत हॅरॉल्ड मेला होता आणि इंग्लंडचं राज्य गेलं होतं. त्या टेकडीवरून खाली धावत सुटलेल्या माणसांनी काय केलं? स्वतःपुरतं एफ१-एफ३ दाबलं.

तिसरी गोष्ट सगळ्यात कंटाळवाणी, म्हणून सगळ्यात दुर्लक्षित. लढाईच्या आधीची तयारी. सैन्याचं मनोबल जेवणावर अवलंबून असतं. नुसता पाव घालण्यापेक्षा चार प्रकारचं खाणं बरोबर ठेवलं की पोरं खूश. मग सर्जरी हे कौशल्य. मरणाचा घाव बसलेला सैनिक नुसता जखमी होऊन वाचण्याची शक्यता मुळात २५ टक्के असते. सर्जरीच्या प्रत्येक पायरीला त्यात ४ टक्क्यांची भर पडते. पाच पायऱ्या म्हणजे ४५ टक्के. जेरेमस नावाचा एक वैद्य कुठल्या तरी खानावळीत बसलेला सापडतो. लोक त्याला म्हातारा म्हणून हसतात. माझ्या मते अख्ख्या सैन्यात त्याच्याइतका कामाचा माणूस नाही, कारण तो प्रत्येक लढाईत माणसं परत देतो.

योगायोग बघा, ज्या अंकाऱ्यात हा गेम बनला, त्याच अंकाऱ्याजवळ १४०२ च्या जुलैत तैमूरलंग आणि उस्मानी सुलतान बायझीद यांची गाठ पडली. तैमूर आधी पोचला, त्याने पाण्याची ठिकाणं ताब्यात घेतली. बायझीदचं सैन्य भर उन्हाळ्यात लांबची मजल मारून, तहानलेलं असं मैदानात उतरलं. वर त्याच्या काही तुकड्या ऐन वेळी फितूर झाल्या. सुलतान कैद झाला. लढाईचा बराचसा निकाल पहिली तलवार निघण्याआधी, पाण्यापाशीच लागला होता.

आता तुम्ही म्हणाल, "अरे बाबा, आम्ही शनिवारी रात्री मजा करायला बसतो, किराणा मोजायला नाही!" मान्य. भाला काखेत दाबून भरधाव घोड्यावरून एका सरदाराला उडवण्यात जी मजा आहे, ती मटकीच्या उसळीत नाही. :) साठ नाइट घेऊन सपाट माळावर एफ१-एफ३ केलं तर काम होतं हेही मान्य. पण तोच गडी किल्ल्यावर जाऊ दे. तिथे घोडे नाहीत, एकच शिडी, आणि वर रोडॉकांचे क्रॉसबोवाले वाट बघतायत. माळावरची सगळी मस्ती त्या शिडीवर उतरते. आणि तुम्ही स्वतः हिरोगिरी करत सगळ्यात पुढे गेलात आणि पडलात, तर मागच्यांना हुकूम द्यायला कुणी उरत नाही. सेनापतीने लढावं, जरूर लढावं, पण टेकडीवरून सगळं दिसेल इतपतच लांब जावं.

मला हे एवढं लागतं याचं कारण गेमपुरतं नाही. आपल्या धंद्यातही एफ१-एफ३ दाबणारे साहेब कमी नाहीत. रिलीजच्या आधी तीन आठवडे रात्रीचे पिझ्झे, शनिवार-रविवार गायब, शेवटी "ग्रेट जॉब टीम" असा मेल. विजय झालेला असतोच. पुढच्या दोन महिन्यांत ज्याला तो सगळा कोड पाठ होता तो पेपर टाकतो, त्याच्यामागून आणखी दोघं जातात, आणि त्यांच्या जागी नवखे रंगरूट येतात. चार पायऱ्या पुन्हा पहिल्यापासून. ती नुकसानीची यादी मात्र कुठल्याही प्रेझेंटेशनमध्ये दिसत नाही. गेम निदान प्रामाणिक आहे, लढाई संपल्या संपल्या समोर ठेवतो.

असो. आज रात्री बसणार असाल तर एकच करून बघा. समोर शत्रू दिसला, बोटं शिवशिवली, की एफ१ दाबा, टेकडीवर निशाण रोवा आणि उंदरावरचा हात काढून चहाचा एक घोट घ्या. येऊ दे त्यांना. ते येतातच.