गळा त्योच हाय

गेल्या दिवाळीला जावईबापूंनी मला एक स्पीकर दिला. तळहातावर मावेल एवढा, मोबाईलला बिनतारेचा जोडायचा. सोबत मोबाईलवर एक यादी धाडली. मराठी माणसानं आयुष्यात एकदा तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग ऐकायलाच हवेत असे पंचवीस अल्बम. "मामा, रात्री दारं धरताना ऐकत जा," म्हणाले. जावई पुण्यात नोकरीला आहेत, स्वभावानं भले आहेत. दहावी शिकलेल्या सासऱ्याला गाणं कळतं असं ते धरून चालतात, हा त्यांचा मोठेपणा. तेव्हा पुढं जे लिहितोय ते त्यांच्यावर नाही. ते त्या यादीवर आहे, आणि अर्धंअधिक माझ्यावर.

आमच्या सांगोल्याकडं शेतीची लाईट पुष्कळदा रात्रीचीच. ज्वारीला पाणी सोडायचं, एक वाफा भरला की दुसऱ्याचं दार उघडायचं, मधल्या वेळात बांधावर बसून राहायचं. अशा वेळी यादी खरंच कामाला आली. गीतरामायण ऐकलं. गदिमा आमच्या शिवेपलीकडचे, आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे, म्हणजे आमच्याच माणदेशचे. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर ते सुरू झालं, आठवड्याला एक गाणं, अशी छप्पन्न गाणी. तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. आमच्या शाळेच्या गुरुजींकडं नंतर तबकड्या आल्या तेव्हा ओट्यावर बसून ऐकलेलं. बाबूजी फडक्यांचा एकेक शब्द धान्य पाखडल्यासारखा सुटा ऐकू यायचा. माझी आई निरक्षर, पण कैकेयीच्या जागेवर तिला रडू यायचं, आणि आपण कुणासाठी रडलो हे तिला घरी येईपर्यंत उमजायचं नाही.

मग लताबाईंनी गायलेले तुकोबांचे अभंग, श्रीनिवास खळ्यांच्या चालींचे. मग भीमसेनांची अभंगवाणी. ही ऐकताना पाण्याकडं लक्ष राहिलं नाही आणि एक वाफा फुटला. आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, माळकरी. त्यांनी भीमसेनांना पहिल्यांदा रेडिओवर ऐकलं तेव्हा डोळे मिटून पुरतं ऐकलं आणि म्हणाले, "गळा लई मोठा. पण टाळ धरायला जागा घावंना." ही नालस्ती नव्हती. आण्णांना अभंग म्हणजे उभं राहून, पन्नास जणांत, हातात टाळ घेऊन म्हणायची गोष्ट. इथं एकच जण म्हणणार आणि बाकीच्यांनी गप बसायचं, हे त्यांना नवं होतं.

असं एकेक ऐकत मी यादीच्या शेवटाला आलो. पंचवीसच्या पंचवीस चांगले. एकालाही काढा म्हणणार नाही. पण प्रल्हाद शिंदे त्यात नाहीत. मी यादी दोनदा वर-खाली केली. बॅटरीच्या उजेडात, चिखलाच्या बोटानं.

जावयांना फोनवर विचारलं. ते म्हणाले, "मामा, ती गाणी छानच आहेत, पण ती लाऊडस्पीकरवरची झाली ना. ही यादी अभिजात म्हणून केलेली आहे."

हा शब्द मी आधीही ऐकलाय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका साहित्याच्या कार्यक्रमाला गेलो होतो, तिथं एक विद्वान बोलले की, कॅसेटवरची भक्तिगीतं लोक ऐकत नाहीत, ती लोकांच्या कानावर पडतात. सभागृहात हशा झाला, मीही हसलो. आज त्यांना उत्तर द्यावंसं वाटतं. ते हयात आहेत का माहीत नाही, नसले तरी त्यांचं म्हणणं हयात आहे.

साहेब, आम्हा राबणाऱ्या माणसांनी जन्मात जे काही ऐकलं त्यातलं बहुतेक कानावरच पडलेलं आहे. आईची ओवी कानावर पडली, कारण ती दळत होती आणि आम्ही झोपेत होतो. मोटेवरची गाणी कानावर पडली, कारण म्हाताऱ्याला बैल हाकायचे होते. खुर्चीत बसून, हात रिकामे ठेवून जे ऐकतात तेवढंच ऐकणं, असं ठरवलं की ज्यांना बसायला सवडच नव्हती ते सगळे आपोआप यादीबाहेर. मग त्यांच्या कानात काय होतं ते बघायचीही गरज उरत नाही.

दुसरं, लाऊडस्पीकर. ही टीका करणाऱ्यांनी कर्ण्याखाली कधी काम केलेलं नसावं. पत्र्याच्या कर्ण्यातून खालचे सूर निघतच नाहीत. तंबोरा जागीच मरतो, पखवाजाची धुमी मरते, खर्ज तर येतच नाही. भीमसेनांची कॅसेट आम्ही एकदा देवळावर लावली होती, निम्मा माणूस यंत्रातच राहिला. कर्ण्यातून पार होऊन मैलभर लांबच्या रानात पोचायला वरचा, मोकळा, धारेचा गळा लागतो. शब्द असा टाकावा लागतो की वाऱ्यानं निम्मा नेला तरी उरलेल्या निम्म्यावरनं ओळ कळावी. प्रल्हाद शिंद्यांकडं तो गळा होता. ढोलकी, पेटी, टाळ सगळं कर्ण्यात एकमेकांत कालवलं जायचं, पण ह्यांचा आवाज त्याच्या वर तेल तरंगावं तसा राहायचा. आणि टाळ धरायला जागा? आण्णांना ह्यांच्या पहिल्याच ओळीला घावली होती. गाणं बसल्या जागी हात वाजवायला लावत होतं. ही कारागिरी नव्हे तर काय? बैठकीत गायचं आणि शिवारावर गायचं, ह्या दोन कला आहेत. एकीला अभिजात म्हणता, दुसरीला गोंगाट.

हे मान्य की कॅसेटच्या त्या दिवसांत कचराही भरपूर निघाला. सिनेमाच्या चालीवर देवाचं नाव बसवायचं आणि वर चकचकीत फोटो छापायचा. पण कचरा तुमच्याकडं निघाला नाही काय? तुम्ही तो यादीत घेतला नाही, एवढंच. आमच्यातलंही निवडून घ्यायला कुणी यायला हवं होतं.

इथवर भांडणं मला सोपं गेलं. आता अवघड.

आमच्या गावात प्रल्हाद शिंदे आले ते गावातल्या स्पीकरवाल्याच्या हातनं. त्याचं नाव लिहीत नाही, त्याची मुलंबाळं गावात आहेत. माझ्याच वयाचा, शाळेत माझ्याच वर्गात. १९७५ साली दहावीची पहिली परीक्षा झाली, ती आम्ही दोघांनी दिली. मी काठावर पास झालो, तो चांगल्या मार्कांनी. मी शेतीला लागलो. त्याला शेती नव्हती. त्यानं कुठनं कुठनं पैसे उभे केले, एक अँप्लिफायर, दोन कर्णे, बॅटरी आणि एक टेप घेतला. लग्न, बारसं, जत्रा, निवडणूक, सगळीकडं तो. स्पिरिटमध्ये कापूस बुडवून टेपचं हेड पुसताना त्याला बघावं. सोनाराला तेवढी काळजी नसते. कॅसेट अडकली की बॉलपेन घालून अशी हळू गुंडाळायचा की फितीला सुरकुती पडायची नाही.

मारुतीच्या देवळावर पहाटेचं गाणं तोच लावायचा. काकड्याच्या आधी, पाचच्या ठोक्याला प्रल्हाद शिंदे. पंढरीच्या वाटेचं. ते लागलं की बाया उठायच्या, धारा निघायच्या, शाळेतली पोरं तांब्या घेऊन पांदीला लागायची. घड्याळ कुणाकडं होतं? कर्णा हेच घड्याळ. देऊळ ज्यांच्या देखरेखीत होतं त्या चार-पाच जणांत आमचे आण्णा एक. त्यांना ते गाणं इतकं प्यारं की, एखाद्या पहाटे लाईट नसली तर दिवसभर चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं.

स्पीकरवाल्याकडं दोन कॅसेटी होत्या, दोन्ही प्रल्हाद शिंद्यांच्याच. वरचा कागद फाटलेला, म्हणून त्यानं स्वतः पट्टी चिकटवून लिहिलेलं. एकीवर "सकाळ". दुसरीवर "चौदा एप्रिल". दुसरीत भीमगीतं. विठ्ठलाचं गाणारा तोच माणूस बाबासाहेबांचंही तितक्याच मोकळ्या गळ्यानं गातो, हे गावाला माहीत होतं आणि माहीत नव्हतंही.

१९८४ साली हनुमान जयंतीचा सप्ताह आणि १४ एप्रिल एकत्र आले. चौदाच्या सकाळी काकडा झाला, "सकाळ"ची एक बाजू संपली, अर्ध्या तासाची. त्यानं दुसरी कॅसेट घातली. पेटी वाजली, कोरस सुरू झाला. गळा अजून लागायचा होता. एवढ्यात आण्णा पायरीवर आले.

"बंद कर ते."

"आण्णा, पाच मिन्टं. आज जयंती हाय."

"हाय तर तिकडं तुमच्यात लाव. हे देऊळ हाय."

तो क्षणभर थांबला. मग हसून म्हणाला, "आण्णा, गळा त्योच हाय."

आण्णा काही बोलले नाहीत. त्यानं बटण दाबलं, कॅसेट काढली आणि डबीत ठेवायला हात पुढं केला. डबी माझ्या हातात होती. म्हणजे मी तिथंच होतो. पंचवीस वर्षांचा, दहावी शिकलेला, त्याच्याबरोबर एका बाकावर बसलेला. मी डबी पुढं केली. दुसरं काही केलं नाही.

सानेगुरुजींच्या उपोषणानं पंढरीचं देऊळ १९४७ साली उघडलं, हे आम्हाला शाळेत शिकवलेलं. आमच्या गावचा कर्णा ८४ सालीही बंदच होता, फक्त तो वाजत असल्यामुळं ते कळत नव्हतं.

स्पीकरवाल्यानं धंदा सोडला नाही. देवळावरचं पहाटेचं गाणंही त्यानं पुढं पुष्कळ वर्षं लावलं. पोट होतं. पण आमच्या घरी तो चहाला आला नाही. त्याचा कप आमच्या बाहेरच्या कोनाड्यात वेगळा असायचा. मी त्याबद्दलही कधी बोललो नव्हतो. तो कप पुढं तिथंच धूळ खात राहिला आणि एका पावसाळ्यात फुटला. चौदा एप्रिलची कॅसेट ओढ्यापलीकडच्या वस्तीत वाजायची. वारं तिकडून असलं तर रानात असताना एखादी ओळ यायची, पुढची यायची नाही.

म्हणून मला त्या यादीचा राग आला तेव्हा थोड्या वेळानं माझाच आला. पुण्याच्या लोकांनी प्रल्हाद शिंद्यांना पुरतं वगळलं, आम्ही अर्धं ठेवलं आणि अर्धं वगळलं. आमचं वगळणं जास्त हिशोबी. आता आमच्याकडं डीजेच्या भिंती येतात. गोठ्यातली म्हैस दावं तोडती, तेव्हा माझ्या वयाची माणसं पारावर बसून म्हणतात, आपल्या वेळचं गाणं कसं गोड होतं, सगळा गाव मिळून ऐकायचा. मीही म्हणायचो. सगळा गाव ऐकायचा हे खरं. काय ऐकायचं ते चार जण ठरवायचे.

यादीवाल्यांनाही एक विचारायचं आहे. तुमच्या यादीत अभिषेकीबुवा आहेत. त्यांनी चोखोबांचा अभंग गायलाय, तो मी त्या रात्री दोनदा ऐकला. चोखोबा मंगळवेढ्याचे, आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर. गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळून तिच्याखाली गेले, आणि समाधी पंढरीला नामदेव पायरीपाशी, देवळाच्या बाहेर. तो अभंगही उंबऱ्याला शिवता येत नाही ह्याचाच आहे. बुवा तो गातात तेव्हा सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल, असं होतं. व्हायलाच हवं, गायलाच तसे आहेत. पण सुमारे सातशे वर्षांपूर्वी उंबऱ्याबाहेर उभं राहिलेल्याचं दुःख तुम्हाला अभिजात वाटतं, आणि आपल्या हयातीत आंबेडकरी वस्त्यांतून गात आलेला, २००४ सालापर्यंत आपल्यात असलेला माणूस लाऊडस्पीकरवरचा वाटतो. चोखोबांना अभिजात व्हायला किती शतकं लागली? तेवढी ह्यांनाही लावणार काय?

संक्रांतीला जावईबापू आले तेव्हा मी म्हणालो, यादीत एक वाढवा. ते लगेच तयार झाले, मोबाईल काढून म्हणाले, "अल्बमचं नाव सांगा." मला सांगता येईना. मोबाईलवर भीमगीतं ढिगानं आहेत, मी रात्री-रात्री ऐकलीत. त्या दिवशी पेटी वाजलेलं गाणं त्यातलं कुठलं, ते ओळखू येत नाही. गळा लागायच्या आत बंद झालं ना.

शेवटी ओढा ओलांडून गेलो. स्पीकरवाला आता थकलाय, एका डोळ्यानं कमी दिसतं. मी काय मागायला आलोय हे सांगितलं तर तो बराच वेळ बोलला नाही. मग नातवाला म्हणाला, "ती पत्र्याची पेटी काढ." दोन्ही कॅसेटी निघाल्या. बॉलपेनची अक्षरं फिकट झालीत, पण "चौदा एप्रिल" वाचता येतं. टेपही आहे, त्याचा बेल्ट मात्र सैल पडून तुटलाय. नवा सांगोल्यात मिळाला नाही. नातू पंढरपूरला कॉलेजला जातो, त्याला तिकडं बघायला सांगितलंय. मी निघालो तर सून म्हणाली, "बसा, चहा ठेवलाय." बसलो.