विशेषण मागे राहते

भाषाविज्ञानाच्या तासाला अर्थोत्कर्षाचे उदाहरण म्हणून आम्ही वर्षानुवर्षे ‘साहस’ हा शब्द देत आलो. संस्कृतात अविचारी, दंडनीय कृत्याचा वाचक असलेला हा शब्द मराठीत गौरवाचा झाला. यंदा एका विद्यार्थिनीने विचारले, ‘सर, मग चायना माल?’ वर्ग हसला. आम्हीही हसलो, पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता.

त्याचे उत्तर जपानकडे आहे. दोन महायुद्धांच्या दरम्यान ‘जपानी माल’ म्हणजे स्वस्त आणि तकलादू, अशीच समजूत होती. १९५० मध्ये डेमिंग या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने तेथील अभियंत्यांना व उद्योगप्रमुखांना व्याख्याने दिली. सदोष वस्तू शेवटी वेचून टाकण्यापेक्षा दोष उपजवणारी प्रक्रियाच सुधारावी, हे त्यांचे सूत्र. १९५१ पासून त्यांच्या नावे पारितोषिकही सुरू झाले. तरीही टोयोटाने १९५७ मध्ये अमेरिकेत नेलेली ‘क्राउन’ मोटार तेथील महामार्गांवर दमली आणि १९६० मध्ये ती निर्यात थांबवावी लागली. त्याच कंपनीने १९८९ मध्ये ‘लेक्सस’ ही आलिशान मोटार त्याच बाजारात उतरवली, आणि ती मानाने स्वीकारली गेली. कोरियाच्या ह्युंदाईनेही १९८६ नंतर अमेरिकेत हेटाळणी सोसली; १९९८ मध्ये इंजिनाची दहा वर्षांची हमी देऊन तिने विश्वास परत मिळवायला घेतला.

या माल खपवणाऱ्यांची वकिली आम्हांस करायची नाही. वाईट लौकिक बहुधा अनुभवातूनच आलेला असतो. पण आयात करणारा ज्या भावाने मागतो, त्या प्रतीचा माल येतो, हे आपण विसरतो आणि खापर देशावर फोडतो. शिवाय वस्तू सुधारली, तरी विशेषण मागेच रेंगाळते. महागडा भ्रमणध्वनी अभिमानाने मिरवणाऱ्यास, तो चीनमध्ये जुळवला गेला असला, तरी त्याचे स्मरण नसते; बिघडलेल्या माळेतील दिवा मात्र लगेच ‘चायना’ ठरतो.

एवढ्यावर थांबले असते, तर हा केवळ बाजाराचा विषय होता. पण ईशान्य भारतातून आलेल्या मुलांना याच विशेषणाने चिडवले जाते, तेव्हा मालाविषयीचा तिरस्कार माणसांवर उतरलेला असतो. अशा वेळी भाषेच्या अध्यापकाने वर्गाबरोबर हसणे ही कर्तव्यच्युती होय. पुढील तासाला आम्ही ‘साहस’च्या जोडीने ‘जपानी’ हा शब्दही फळ्यावर लिहिणार आहोत, आणि आपण का हसलो, हे आधी स्वतःला विचारणार आहोत.