पीडितांच्या पदराआड लपलेलं विद्यापीठ

अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठानं ऑगस्ट २०१६ मध्ये आपल्याच विद्यार्थ्यांच्या ‘केंटकी कर्नल’ या वृत्तपत्राला कोर्टात खेचलं. अशा विद्यापीठाला शिक्षणसंस्था म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

त्या पोरांनी केलं काय होतं? कीटकशास्त्राच्या एका प्राध्यापकाविरुद्ध विद्यार्थिनींनी लैंगिक छळाच्या आणि अत्याचाराच्या तक्रारी केल्या. चौकशी झाली, प्रकरण सुनावणीच्या उंबरठ्यावर आलं आणि प्राध्यापकानं राजीनामा दिला. विद्यापीठानं तो स्वीकारला, वर ऑगस्टअखेरपर्यंतचा पगारही चालू ठेवला. सुनावणीच झाली नाही, म्हणजे कोणी दोषी ठरलं नाही. उद्या हा माणूस दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत दुसऱ्या मुलींसमोर उभा राहिला असता, तर तिथल्या कोणाला काय कळणार होतं? तक्रारदार मुलींना हीच धास्ती होती आणि त्यांच्या वतीनं बोलणाऱ्या व्यक्तीनं ती कर्नलपर्यंत पोचवली.

कर्नलनं चौकशीचे कागद मागितले. मुलींची नावं त्यांना नकोच होती, ती खोडून द्या असंच त्यांचं म्हणणं होतं. आपल्या माहिती अधिकारासारखा कायदा केंटकीत १९७६ पासून आहे. त्याखाली तक्रार गेल्यावर राज्याच्या ॲटर्नी जनरलनी कागद गोपनीयपणे तपासायला मागितले. विद्यापीठानं त्यांनाही नकार दिला! निकाल विरोधात गेल्यावर कोर्ट गाठलं. तिथल्या कायद्यानुसार अशा दाव्यात माहिती मागणाऱ्यालाच प्रतिवादी करावं लागतं, हे खरं. पण कोर्टात जाच, अशी सक्ती विद्यापीठावर कोणी केली होती?

अध्यक्ष एली कॅपिलुटो सांगत राहिले की हे सगळं पीडितांच्या गोपनीयतेसाठी आहे. मला सर्वांत जास्त चीड याच बचावाची येते. ज्या मुलींना प्रकरण उघड व्हायला हवं होतं, त्यांच्याच नावानं ते दडपायचं. त्यासाठी ढाल केली ‘फेर्पा’ या १९७४ च्या केंद्रीय कायद्याची. तो आहे विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदी जपण्यासाठी. नोकरदार प्राध्यापकाच्या वर्तनाची चौकशी ही विद्यार्थ्याची शैक्षणिक नोंद कशी काय होते? मिसूरीत हीच ढाल आवारातल्या गुन्ह्यांची माहिती लपवायला वापरली होती. १९९१ मध्ये फेडरल न्यायालयानं ती मोडली. लैंगिक अत्याचारात दोषी ठरलेल्या विद्यार्थ्यांची नावं नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठानं ‘डेली टार हील’ला नाकारली, २०२० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ती द्यायला लावली.

विद्यापीठांना हे निकाल माहीत नसतात असं नाही. त्यांचं खरं हत्यार कायदा नाही, वेळ आहे. जानेवारी २०१७ मध्ये पहिल्या न्यायालयानं विद्यापीठाच्या बाजूनं कौल दिला, मे २०१९ मध्ये अपील न्यायालयानं तो फिरवला आणि मार्च २०२१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं विद्यापीठाला चुकीचं ठरवलं. देण्यासारखं आणि न देण्यासारखं वेगळं करायचे कष्टसुद्धा न घेता अख्खी फाइल दाबून ठेवली होती. एवढ्या काळात पहिल्या वर्षाला आलेली मुलं पदवी घेऊन निघून जातात. वृत्तपत्राचे संपादक बदलतात, विद्यापीठाची तिजोरी आणि वकील जागेवर असतात. शेजारच्या वेस्टर्न केंटकी विद्यापीठानं २०१७ मध्ये हाच कित्ता गिरवून आपल्या विद्यार्थी वृत्तपत्रावर दावा ठोकला, त्यात कर्नललाही ओढलं.

जाणूनबुजून माहिती दडवली तर केंटकीत दिवसाला जास्तीत जास्त २५ डॉलर देववता येतात, तेही न्यायालयाला वाटलं तर, आणि संस्थेच्या पैशातून. आपल्या २००५ च्या कायद्यात दिवसाला २५० रुपये, कमाल २५ हजार, असा दंड आहे आणि तो माहिती अधिकाऱ्याला स्वतः भरावा लागतो. केंटकीनं एवढं तरी उचलावं. कॅपिलुटोंच्या पगारातून पहिला हप्ता कापला गेला असता, तर ती फाइल पाच वर्षं कुलपात राहिली नसती.