अर्ध्या दिवसाचा समुद्र

'प्रायव्हेट' हा शब्द हल्ली मला शिवीसारखा ऐकू येतो. शाळा प्रायव्हेट, दवाखाना प्रायव्हेट, इथवर मी गप्प बसले. बसणारच, कारण माझी पोरं त्याच शाळांतून शिकली आणि माझा गुडघा त्याच दवाखान्यात दुरुस्त झाला. पण समुद्रही प्रायव्हेट मिळतो हे मला साठीत कळलं, आणि तेव्हापासून गप्प बसवेना.

झालं असं. मुलानं आम्हा सगळ्यांना मॉरिशसला नेलं. तिथं पोचल्यावर त्यानं माझ्या हातात एक कागद ठेवला. "आई, तुझ्या साठीची भेट." कागदावर होतं: पश्चिम किनारा, अर्धा दिवस, प्रायव्हेट. गाडी आपल्यापुरती, होडी आपल्यापुरती, डॉल्फिन, प्रवाळाचं पाणी, ल मॉर्नचा डोंगर, शामारेलची सात रंगांची माती, आणि तळाला एक ओळ, जैन जेवणाची सोय. मी वाचलं आणि खरं सांगते, हरखून गेले. गर्दी नाही, ओळखदेख नसलेल्यांशी बोलणं नाही, बसमधला वास नाही. बेळगावच्या शहापुरात वाढलेली, चार बहिणींत एक आरसा वापरलेली मी, मला अख्खा समुद्र एकटीला मिळणार! त्या हरखण्याविरुद्ध मी आज लिहिते आहे. दुसऱ्या कुणावर दगड मारायचा तर तो आधी स्वतःच्या अंगणात पडू दे.

पहाटे साडेपाचला निघालो. सूर्य उगवायचा होता म्हणून मी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. तामारँच्या उपसागरात होडी लागली. नावाडी हसतमुख, इंग्रजी बरं बोलणारा. त्यानंच माहिती दिली, आणि अभिमानानं दिली. हे लांब चोचीचे, उडी मारून गिरकी घेणारे डॉल्फिन रात्रभर बाहेर खोल पाण्यात मासे खातात आणि सकाळी या उथळ, वाळूच्या तळाच्या पाण्यात विसाव्याला येतात. झोपतात तेही पोहत पोहत, मेंदूचा एक भाग जागा ठेवून, कारण श्वासाला वर यावंच लागतं. एवढं सांगून त्यानं इंजिनाचा वेग वाढवला आणि होडी थेट त्या झोपलेल्यांच्या अंगावर घातली.

मी होड्या मोजल्या. 14. चौदाच्या चौदा प्रायव्हेट! प्रत्येकीला आपल्यापुरता डॉल्फिन पाहिजे. कळप डावीकडे वळला की चौदा इंजिनं डावीकडे. तो बुडी मारून पलीकडे निघाला की चौदा इंजिनं पलीकडे. पुढे एक होडी आडवी गेली की माणसं धपाधप पाण्यात उड्या टाकत होती, हातात कॅमेरे. एका मादीच्या कुशीला चिकटून पिल्लू पोहत होतं. ती त्याला घेऊन पुन्हा पुन्हा खाली जात होती आणि पुन्हा पुन्हा वर येत होती. माझी नात टाळ्या वाजवत होती. मीही वाजवल्या. हे लिहायला लाज वाटते, पण वाजवल्या.

डॉल्फिनपासून किती लांब राहायचं याचे नियम त्या देशात आहेत. हवाईत तर याच जातीच्या डॉल्फिनजवळ 50 यार्डांच्या आत जायला 2021 मध्ये कायद्यानं बंदी घातली, आणि कारण हेच दिलं, की सकाळची झोप मोडली तर रात्री शिकारीला अंगात बळ राहत नाही. म्हणजे प्रश्न अज्ञानाचा नाही. मी नावाड्याला विचारलं, "इतकं जवळ कशाला?" तो म्हणाला, "मॅडम, मी लांब थांबलो तर गिऱ्हाईक तक्रार करतं. उद्या ते दुसऱ्याच्या होडीत बसतं." बघा, गुन्हेगार कोण ते त्यानं दोन वाक्यांत सांगून टाकलं. इंजिनाचा दांडा त्याच्या हातात होता, पण वेग आमच्या पैशाचा होता.

आमच्याकडे श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंडाचा त्याग सांगितलाय. नांगर चालवताना, चूल पेटवताना जीव मरतात. संसारी माणसाला ते पुरतं टळत नाही, हे आमचे शास्त्रकारही जाणून होते. पण ज्याला काही प्रयोजनच नाही असं दुःख दुसऱ्या जीवाला द्यायचं, तो अनर्थदंड. पाणी गाळून प्यायची मी, बटाटा न खाणारी मी, त्या सकाळी कशासाठी त्या पिल्लामागे धावले? भूक होती? औषध पाहिजे होतं? फोनमध्ये अकरा सेकंदांची एक फीत आहे, तीत पाणी आहे आणि एक शेपूट. आणि दुपारी त्याच तोंडानं मी जैन जेवण मागितलं. ताटातला कांदा काढून टाकला म्हणून सकाळ धुतली जात नाही, बायांनो.

आता डोंगराचं. ल मॉर्न ब्राबाँ हा 556 मीटरचा काळा कातळ, समुद्रात पाय सोडून बसलेला. ऊसमळ्यांतून पळालेले गुलाम अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात या कड्याकपारींत लपून राहिले. मॉरिशसमध्ये 1 फेब्रुवारी 1835 ला गुलामगिरी संपली. लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आलेत, की ती बातमी द्यायला शिपायांची तुकडी डोंगराकडे निघाली, तेव्हा वरच्यांना वाटलं हे आपल्याला धरायला आले, आणि त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. 2008 साली युनेस्कोनं हा डोंगर जागतिक वारशात घेतला. पायथ्याशी स्मारक आहे. आमच्या कागदावर त्या स्मारकाचं नाव नव्हतं. कागदावर होतं, 'फोटो थांबा, 15 मिनिटं'.

त्याच डोंगरालगतच्या समुद्रात 'पाण्याखालचा धबधबा' म्हणून एक नजरबंदी आहे. तिथं पाणी कुठं पडत नाही. वाळू आणि गाळ उतारावरून खोल दरीकडे सरकतो, आणि वरून बघणाऱ्याला धबधबा वाटतो. तो बघायला हेलिकॉप्टर मिळतं, तेही प्रायव्हेट. खऱ्या उडीला पंधरा मिनिटं आणि खोट्या धबधब्याला हेलिकॉप्टर. आमच्या पर्यटनाचा सगळा हिशेब या एका ओळीत आला.

आमच्या गाडीच्या चालकानं काचेपाशी गणपती बसवला होता. पणजोबा रत्नागिरीकडचे, एवढंच त्याला ठाऊक. घरात क्रिओल बोलतात, आरती मात्र मराठीत. गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते, हे सांगताना त्याचा चेहरा फुलला. शाळेत शिकलेलं तुटकं मराठी त्यानं माझ्यासाठी बाहेर काढलं आणि मला 'आजी' म्हणाला. मी विचारलं, "तुम्ही या किनाऱ्यावर कधी येता?" तर म्हणाला, "रविवारी, पण इथं नाही आजी. इथून आधी वाट होती. आता भिंत."

मॉरिशसचा कायदा सरळ आहे. भरतीच्या रेषेपर्यंतची वाळू सगळ्यांची. किनाऱ्यालगतची 81.21 मीटरची पट्टी, म्हणजे जुन्या फ्रेंच मापानं 250 फूट, सरकारच्या मालकीची. पण सरकार ती पट्टी हॉटेलांना आणि बंगल्यांना भाड्यानं देतं. वाळू तुमची, पण वाळूपर्यंत जायची वाट त्यांची. अंगण तुझं, दार माझं, असला हा न्याय. सार्वजनिक किनारे आहेत, पण दोन सार्वजनिक किनाऱ्यांच्या मधे मैलोन् मैल फाटकं आणि पहारेकरी.

आणि ही वाट कुणाची बंद झाली बघा. 1834 च्या 2 नोव्हेंबरला 'ॲटलस' जहाजातून 36 मजूर पोर्ट लुईला उतरले. त्यानंतर ऐंशी-नव्वद वर्षांत जवळजवळ साडेचार लाख हिंदी माणसं करारावर तिथं आली. आप्रवासी घाटाच्या दगडी पायऱ्या अजून आहेत. त्यांत मुंबई बंदरातून चढलेली आमची कोकणातली माणसंही होती. 1867 च्या कायद्यानं करार संपलेल्या मजुरालासुद्धा स्वतःचा फोटो चिकटवलेला परवाना बाळगावा लागे. परवान्याशिवाय हद्दीबाहेर सापडला तर 'भटक्या' म्हणून तुरुंग. म्हणजे त्या बेटावर पायी हिंडणं हा आपल्या माणसांचा गुन्हा होता. त्यांच्या पणतवंडानं आज मला गारेगार गाडीतून अर्धा दिवस हिंडवलं, आणि भिंतीपाशी येऊन तो बाहेर थांबला, मी आत गेले. परवाना आता माझ्या मनगटावर होता, हॉटेलचा कागदी पट्टा.

माझं बोलणं ऐकून मुलगा वैतागतो. त्याचे तीन मुद्दे आहेत, आणि ते पोकळ नाहीत. पहिला: "आई, त्यांची पोटं पर्यटनावर आहेत." बरोबर. पण आम्ही भरलेल्या रकमेतलं त्याला किती मिळतं असं मी चालकाला विचारलं, तर तो हसला आणि ऊस कापणीचं बोलू लागला. पोटाची काळजी असेल तर त्याला पूर्ण दिवसाचे पैसे द्या, सरळ त्याच्या हातात द्या, आणि तो नेईल तिथं जा. त्या बेटाचं पोट समुद्रावर आहे हे त्या लोकांना आपल्याहून जास्त कळतं. 2020 च्या जुलैत 'वाकाशिओ' जहाज प्रवाळाच्या कड्यावर चढलं आणि सुमारे हजार टन तेल सांडलं, तेव्हा हजारो साधी माणसं उसाचा पाला कापडात भरून, कापलेले केससुद्धा गोळा करून तेल अडवायला पाण्यात उतरली. ते समुद्राचे मालक. आम्ही अर्ध्या दिवसाचे भाडोत्री.

दुसरा: "म्हातारी माणसं, बायका, लहान मुलं, त्यांनी बसनं लोंबकळत जायचं का?" माझा गुडघा या मुद्द्याच्या बाजूनं आहे. गाडी घ्या, माझी हरकत नाही. गाडी प्रायव्हेट असली म्हणून समुद्र प्रायव्हेट व्हायचं कारण नाही. गाडीतून उतरून सार्वजनिक किनाऱ्यावर बसता येतंच की!

तिसरा मुद्दा माझ्या वर्मी लागतो: "तू गेलीस, मजा केलीस, आता उपदेश." हो, गेले. न गेलेल्या माणसानं हे लिहिलं असतं तर तुम्ही 'द्राक्षं आंबट' म्हणाला असतात. माझी आई चातुर्मासात देशव्रत घ्यायची, अमुक दिवस अमुक हद्दीपलीकडे पाऊल टाकायचं नाही. आम्ही बहिणी हसायचो, आईचं जग केवढंसं! आता वाटतं, जिथं जाता येतं तिथं जायलाच पाहिजे असं नाही, एवढं एक शहाणपण तिच्याकडे होतं आणि ते मी विमानतळावर कुठंतरी सोडून आले.

मॉरिशस लांब आहे म्हणून सुटका नाही. बेळगावहून चोर्ला घाट उतरला की गोवा. शनिवार आला की आमची निम्मी गल्ली तिकडे. तिथंही होडीवाले ओरडतात, डॉल्फिन दिसला नाही तर पैसे परत. या एका वाक्यात समुद्राची सगळी वाट लागली. जंगली जिवाचं दर्शन हमीवर विकलं, की त्याला पळवणं, घेरणं आलंच. हमी आम्ही मागतो म्हणून तो देतो. तेव्हा मागणं बंद करा. होडीत बसण्याआधी सांगा, लांबून बघू, इंजिन बंद ठेवा, नाही दिसला तरी पूर्ण पैसे देऊ. ज्या किनाऱ्यावर गावच्या माणसाला वाट नाही तिथली खोली घेऊ नका. आणि अर्ध्या दिवसात सहा ठिकाणं दाखवतो म्हणणाऱ्याला विचारा, त्यातली पाच कुणासाठी?

परतीच्या आदल्या दिवशी मी हट्टानं एकटी बसनं फ्लिक-आँ-फ्लाकच्या सार्वजनिक किनाऱ्यावर गेले. सुरूची उंच झाडं, खाली चटया, पातेली, पाळण्यातली पोरं, कुणीतरी वाजवत असलेली डफासारखी राव्हान. गाडीवर डाळपुरी मिळत होती. पुरणपोळीची बिनगुळाची बहीण म्हणा. मी रश्शाशिवाय कोरडी मागितली, तर बाईनं बघितलं आणि एक जास्तीची दिली. एका आजीबाईंनी चटईवर सरकून मला जागा केली. आम्हाला एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. दोन तास आम्ही समोर बघत बसलो. डॉल्फिन दिसला नाही.

येत्या मे महिन्यात मालवणला जायचं घाटतंय. नातीला मी सांगून ठेवलंय, एसटीनं जायचं, आणि डॉल्फिन दिसला तर किनाऱ्यावरून बघायचा. ती तयार आहे. मुलगा अजून हो म्हणालेला नाही.