लेकरांचा रक्तदाब आणि अर्धी गोळी

'बीपी म्हणजे म्हाताऱ्यांचं दुखणं, पोराला कुठलं आलंय?' असा समज गावोगाव आहे. सरकारी मोहिमेचा रोखही तसाच. रक्तदाबाची घरोघर तपासणी 30 वर्षांपुढच्यांची. पण हा विकार लेकरांनाही होतो. वय जितके कमी, तितके त्यामागे मूत्रपिंडाचे किंवा हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीचे दुखणे असण्याचा संभव अधिक. खरूज चिघळल्यावर किंवा घसा धरल्यावर काही दिवसांनी पोराचे तोंड सुजले, लघवी काळ्या चहासारखी झाली, तर अंगारा लावत बसू नये. अशा वेळी रक्तदाब एकाएकी चढून झटके येऊ शकतात. तडक दवाखाना गाठावा.

प्रत्येकाला गोळी लागतेच असे नाही. वजन वाढल्याने दाब थोडा चढला असेल, तर मीठ, पापड, पाकिटातले खारे पदार्थ कमी करून आणि मैदानावर पाठवून आधी पाहतात. गोळी लागलीच, तर एनालाप्रिल, अम्लोडिपिन ही औषधे आहेत, महागही नाहीत. घोडे अडते ते मात्रेवर. मुलाची मात्रा वजनावर ठरते आणि पातळ औषध सहसा मिळत नाही. मग आई विळीवर गोळी कापते. आज तुकडा मोठा, उद्या बारीक. कुणी आजोबांचीच गोळी देतो. कुणी 'आता बरं हाय' म्हणून परस्पर बंद करतो. दाब वाढलेला पोराला कळत नाही, हाच खरा धोका. औषध डॉक्टरांना विचारूनच बदलावे वा थांबवावे.

पण दोष आईबापांच्याच माथी का मारायचा? 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, पथके शाळेत येतात. मोठ्या माणसाचा पट्टा पोराच्या दंडाला गुंडाळला, तर आकडा कमी दिसतो आणि आजारी पोर धडधाकट ठरते. म्हणून जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्याने दोन गोष्टी कराव्यात. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात लहान मापाचे पट्टे असावेत आणि ते वापरात असावेत. दुसरे, डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेच्या पुड्या औषधनिर्मात्याने मोजून बांधून द्याव्यात.

खर्च फार नाही. मूत्रपिंड निकामी झाल्यावर डायलिसिससाठी शहराच्या वाऱ्या करण्यापेक्षा तर खासच नाही.