नावासाठी छळ नको

अनोळखी पक्षी दृष्टीस पडला की त्याचे नाव तत्क्षणी कळलेच पाहिजे, असा हट्ट अलीकडे पक्षिनिरीक्षणाच्या नावाखाली वाढीस लागला आहे. त्यास आमचा स्पष्ट विरोध आहे. नाव जाणण्यास नव्हे. नावासाठी पक्ष्याचा छळ करण्यास.

पावसाळ्यात तिबोटी खंड्या कोकण-गोव्यात ओढ्याकाठच्या दरडीत बीळ कोरून अंडी घालतो. हा इवलासा पक्षी झाडीत सहसा दिसत नाही. मग काही हौशी मंडळी मोबाइलवर त्याच्याच जातीचा आवाज वाजवितात. आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी शिरला असे समजून तो पुढे येतो. छायाचित्र निघते, नाव जुळते, मंडळी कृतार्थ होतात. परंतु तेवढ्या वेळात पिलांचा घास चुकला, त्याचा हिशेब कोणी ठेवावयाचा? देवराईतली वाळकी काटकीही घरी आणू नये, असे संस्कार ज्यांच्यावर झाले, त्यांनीच तेथे हा कपटी आवाज घुमवावा, हे आम्हांस लाजिरवाणे वाटते.

‘याविना ज्ञान वाढेल कसे?’ असा प्रश्न केला जातो. त्याचे उत्तर आंध्रातील कडप्प्याच्या रानात आहे. जेर्डनचा धाविक हा पक्षी १९०० नंतर अभ्यासकांना दिसला नव्हता. तो नामशेष झाला असेच मानले जाई. १९८६ साली तो पुन्हा सापडला, तो पक्षी धरणाऱ्या एका स्थानिक माणसाच्या साहाय्याने. पंडितांना जो अनोळखी, तो रानातल्या माणसाच्या ओळखीचा होता! आमच्या गावांतील गुराख्यांना आणि वृद्धांना असे विचारतो कोण?

अनोळखी पक्षी दिसल्यास प्रथम स्वस्थ उभे राहावे. चोच, शेपटी, आकार पाहावा. तो जमिनीवर चरतो की फांदीवर, हे न्याहाळावे. वेळ टिपून ठेवावी. मग गावकऱ्यांस विचारावे, ग्रंथ चाळावा. इतके करूनही नाव न लागल्यास वहीत ‘अनोळखी’ असे लिहावे. त्यात कमीपणा कसला? चुकीच्या नावापेक्षा ती नोंद शतपट प्रामाणिक होय.

देवस्थान समित्यांनी देवराईच्या सीमेवर ध्वनिमुद्रित आवाजास मनाई करणारी पाटी लावावी, अशी आमची मागणी आहे. दारी आलेल्या अतिथीस कुळगोत्र विचारण्यापूर्वी पाणी देण्याची आपली रीत. येथे तर त्या पक्ष्याच्या दारी आपणच गेलेलो असतो.